पेंचो, झुकिनीच्या नूडल्स आणि दारावरचा कागद

"पंधरा मिनिटं! हवं तर घड्याळ लावून बस!" पेंचो कालुदोव फोनवर बायकोला सांगत होता. "तीन झुकिनी, दोन टोमॅटो, चार पाकळ्या लसूण. पीठ नाही, पाव नाही, बटाटा नाही. पंधराव्या मिनिटाला ताटात आणि सोळाव्या मिनिटाला पोटात!"

पलीकडे, रूसेला ताईकडे गेलेल्या झ्लातिनाने असा काही सुस्कारा सोडला की तो रूसेहून स्विश्तोवला फोनशिवायही पोचला असता.

"तू? तू अंडं उकडायला ठेवलंस की मला नवीन पातेलं आणावं लागतं!"

"ते एकदाच झालं होतं."

"तीनदा. आणि पेंचो, आज संत पेत्राचा दिवस आहे. तुझ्या नावाचा दिवस. सात वाजले की सगळं गाव येऊन बसेल. कोंबडी येईल, पाव येईल, राकियाच्या बाटल्या येतील. तू 'नको' म्हणशील? तू?"

"कुणी येणारच नाही. मी बंदोबस्त केलाय."

"कसला बंदोबस्त?"

"आहे एक!" असं म्हणून पेंचोने फोन ठेवला आणि बंद करून फ्रिजवर टाकला.

आता त्याची अडचण समजून घ्या. पेंचो हे पेत्रचंच लाडकं रूप, आणि नावाच्या दिवशी, म्हणजे आपल्या नावाच्या संताच्या दिवशी, आपल्याकडे कुणी कुणाला आमंत्रण देत नाही. आमंत्रण नाही म्हणून घरी बसणारा माणूस स्विश्तोवमध्ये अजून जन्माला यायचाय! त्यात संत पेत्राच्या दिवशी उपवास सुटतो, घरोघरी वर्षाची पहिली कोवळी कोंबडी भाजली जाते, आणि ती कोंबडी घेऊन माणसं ज्याचं नाव असेल त्याच्या दारात उभी राहतात. एरवी पेंचोला यात काही वावगं वाटलं नसतं. पण महिन्यापूर्वी डॉक्टरीणबाईंनी त्याच्या रक्तातला साखरेचा आकडा बघितला, चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि आकडा तोच निघाला म्हणून पाव, बटाटा, गोड आणि राकिया ही फळांची दारू, सगळं एका दमात बंद करून टाकलं.

ते त्याने सोसलंही असतं. पण झ्लातिनाने त्याच्या गळाच्या पाचही काठ्या तळघरातल्या खोलीत टाकल्या आणि कुलूप लावून किल्ली गायब केली.

"सोमवारी रक्त तपासायचं," ती म्हणाली होती. "आकडा उतरला तर किल्ली तुझी, बेटही तुझं. नाही उतरला, तर तो आठवडा माझ्याबरोबर ताईकडे जर्दाळूच्या बरण्या भरायच्या."

दरवर्षी जुलैत पेंचो आणि त्याचा दोस्त रांगेल डॅन्यूबमधल्या एका बेटावर पाच दिवस तंबू ठोकून मासे धरतात. तीस वर्षांत एकदाही खाडा नाही. हे पाच दिवस सोडले तर उरलेलं वर्ष पेंचो नुसता वाट बघण्यात घालवतो, असं म्हटलं तरी चालेल. आणि आज शनिवार! दोन दिवस, फक्त दोन दिवस तोंडाला कुलूप घालायचं होतं.

म्हणून हा बंदोबस्त. पेंचो डबाबंद भाज्यांच्या कारखान्यात चाळीस वर्षं ड्राफ्ट्समन होता. साधी वाण्याची यादी लिहायची तरी आधी पट्टीने काळी दुहेरी चौकट आखायची, चारही बाजूंच्या बरोबर मध्यावर अधिकच्या चिन्हासारखी खूण करायची, मगच 'मीठ एक किलो' लिहायचं, ही त्याची शिस्त. त्या शिस्तीने त्याने एक मोठा पांढरा कागद घेतला. जाड काळी चौकट. वर मधोमध खूण. खाली सुरेख टपोऱ्या अक्षरात 'पेंचो ख्रिस्तोव कालुदोव'. त्याखाली बारीक अक्षरात 'बायकोबरोबर रूसेला गेला आहे, पुढच्या रविवारी यावे.' आणि हा कागद त्याने इमारतीच्या खालच्या मोठ्या दारावर, बरोबर डोळ्यांच्या उंचीला, चार चिकटपट्ट्या लावून डकवला.

आता त्या दारावर एरवी कसले कागद लागतात? काळी चौकट, वर क्रॉस, मधे नाव. इमारतीतलं कुणी गेलं की तसा कागद दारावर लागतो आणि जाणारे-येणारे टोपी काढून वाचतात. पेंचो बारा वर्षं रोज त्या दारातून ये-जा करत होता. पण चौकट सरळ आली का, एवढंच त्याने मागे सरकून बघितलं आणि खूश होऊन वर गेला.

वर येऊन त्याने बेलची तार काढली. खिडक्यांचे पडदे ओढले. दिवा लावला तर उजेड बाहेर दिसेल, म्हणून ईस्टरची उरलेली मेणबत्ती पेटवली. झ्लातिनाचा पांढराशुभ्र एप्रन बांधला, तो त्याच्या घोट्यापर्यंत आला. आणि मग त्याने ते यंत्र काढलं.

झ्लातिनाने खास त्याच्यासाठी आणलेलं ते भाजीच्या शेवया पाडायचं यंत्र होतं. एका बाजूने झुकिनी खोचायची, हँडल फिरवायचं, दुसऱ्या बाजूने नूडल्स! पेंचोने हँडल फिरवलं. नूडल आली. आणखी फिरवलं. नूडल येतच राहिली. तुटायचं नावच घेईना! ताट भरलं, ताटावरून ओट्यावर, ओट्यावरून खुर्चीच्या पाठीवर. तीन झुकिनींच्या तीन अखंड नूडल्स! ड्राफ्ट्समनचाच हात तो. पेंचोला राहवेना. त्याने खिशातली टेप काढून पहिली मोजली. चार मीटर वीस!

"झ्लातिना, बघायला हवी होतीस!" तो कुजबुजला. मोठ्याने बोलायची सोय नव्हती.

पंधरा मिनिटांतली बारा मोजण्यातच गेली होती.

इकडे खाली काय चाललं होतं ते पेंचोला फार उशिरा कळलं, तुम्हाला आत्ताच सांगतो. पहिल्या मजल्यावरच्या गिनामावशी बाजारातून आल्या. चष्मा घरी. दारावर कागद, काळी चौकट, वर खूण आणि टपोऱ्या अक्षरात पेंचोचं नाव! खालची बारीक अक्षरं त्यांना चष्मा लावूनही दिसली नसती, तो भाग वेगळा. गिनामावशींच्या हातातली पिशवी खाली पडली आणि त्यांनी जो हंबरडा फोडला, त्याने इमारतीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. एक सोडून.

मावशी धापा टाकत दुसऱ्या मजल्यावर आल्या. बेल दाबली, वाजेना. दार ठोठावलं. "पेंचो! अरे पेंचो!"

आत पेंचो खुर्चीवर पुतळ्यासारखा बसला. 'आले पाहुणे! कोंबडी घेऊन आले असणार.' त्याने श्वासही रोखून धरला.

"गेला रे गेला!" बाहेर मावशी म्हणाल्या.

'हो, रूसेला गेला,' पेंचो मनात म्हणाला. 'वाचला वाटतं कागद!' त्याला फार हायसं वाटलं.

मावशींनी तिथूनच झ्लातिनाला फोन लावला. झ्लातिना आधीच पाच वेळा पेंचोचा फोन लावून थकली होती.

"झ्लातिना, पोरी, धीर धर गं! पेंचो... दारावर कागद लागला!"

"काय? आत्ता तर बोलला माझ्याशी! कागद कुणी लावला?"

"लावतात गं ते अंत्यविधीवाले लोक! हल्ली सगळं झटपट असतं!"

झ्लातिना रडत रडत म्हणाली, "मीच मारलं त्याला, मावशी. पाव बंद केला मी त्याचा. काठ्या कोंडल्या. रांगेल आलाय का तिथे? त्याला सांगा, किल्ली तुमच्या समोरच आहे, जिन्यातल्या लाल फुलांच्या कुंडीखाली. काठ्या काढ म्हणावं, आणि मी यायच्या आत वाटून टाक. त्याच्या आत्म्यासाठी. मला त्या काठ्या बघवायच्या नाहीत. मी टॅक्सीने निघतेय."

म्हणजे बघा! महिनाभर ती किल्ली पेंचोच्या दारापासून दोन पावलांवर होती. आणि त्या कुंडीला तो रोज पाणी घालत होता!

रांगेल आला होता. एका हातात भाजलेली कोंबडी, दुसऱ्या हातात सात गुलाब. खाली कागद बघून तो पायरीवरच बसला; काळी चौकट आणि नाव बघितल्यावर बारीक अक्षरं कोण वाचतो! लहान मुलासारखा रडला. मग उठून त्याने सातातला एक गुलाब काढून बाजूच्या बाकावर ठेवला, कारण विषम फुलं जिवंत माणसाला आणि सम फुलं मेलेल्याला. त्याच्यामागून आलेल्यांनीही तेच केलं. थोड्याच वेळात बाकावर फुलांचा एक छानसा गुच्छ जमला.

मग काठ्या वाटल्या गेल्या. गेलेल्याची वस्तू हातात घ्यायची, 'देव पेंचोला क्षमा करो' म्हणायचं, की वस्तू आपली झाली. परत द्यायची नाही आणि मागायचीही नाही. परत मागितली तर मरण पुन्हा घराची पायरी चढतं, असं सगळे मानतात. मानत नाही म्हणणारे जरा जास्तच मानतात. सगळ्यांत लांब, जपानी काठी रांगेलने घेतली. चार मित्रांनी चार घेतल्या. आणि सगळे वर येऊन पेंचोच्या दारापुढे टोप्या काढून उभे राहिले.

आत पेंचो लसूण परतत होता. आणि त्याला दाराबाहेर हुंदके ऐकू आले.

तो पाय न वाजवता दाराशी गेला. नूडल पायात अडकून मागून येत होती. दाराच्या भिंगातून बघितलं तर माणसंच माणसं! काळोखात चेहरे ओळखू येईनात, पण फुलं दिसली. त्याने मोजली. सहा! शेजारच्या हातात चार!

'अरे देवा! इमारतीतलं कुणीतरी गेलं!' कोण असेल? चौथ्या मजल्यावरचे स्तामोकाका! ब्याण्णव वर्षांचे, दुसरं कोण! त्याने दाराला कान लावला.

"सोन्यासारखा माणूस," एक आवाज म्हणाला.

'अगदी,' पेंचो मनात म्हणाला.

"खोटं बोलायचा, पण मनाने चांगला. तो सत्तर किलोचा मासा आठवतो? बाजारातून आणला होता त्याने!" हा रांगेलचा आवाज.

'स्तामोकाकांनीही?' पेंचोला जरा बरं वाटलं. आपण एकटेच नव्हतो तर!

"आणि आता तो गेलाय तर सांगूनच टाकतो," रांगेल हुंदका देत म्हणाला. "दोन हजार अकरा साली त्याच्या होडीला भोक मीच पाडलं. सिगरेटने. तो बिचारा पाच दिवस पाणी उपसत बसला आणि मला एका शब्दाने बोलला नाही."

'बघा, होडीची सुद्धा आमची सारखीच कथा!' पेंचोला भरून आलं. ब्याण्णव वर्षांचा म्हातारा पाणी उपसतोय, हे चित्र काही त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. आणि आपण इथे लपून बसलोय! शेजारी मेला आणि आपण एका कोंबडीला घाबरून बसलोय! पेंचोला स्वतःची इतकी लाज वाटली की त्याने लगेच एका हातात मेणबत्ती घेतली, दुसऱ्या हातात नूडल्सचं भांडं घेतलं, कारण दुःखाच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नसतं, आणि दार उघडलं.

अंधाऱ्या जिन्यात, हनुवटीखाली मेणबत्ती, अंगात घोट्यापर्यंत पांढरा एप्रन, मागे चार मीटर हिरवी दोरी! पेंचो खोल आवाजात म्हणाला, "देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो. केव्हा गेले?"

काय किंकाळी उठली म्हणता! गिनामावशी रांगेलच्या अंगावर, रांगेल कोंबडीवर, कोंबडी जिन्यावरून खाली! दोघांनी छातीवर क्रॉसची खूण केली, एकाने ती हातातल्या काठीनेच केली आणि वरचा बल्ब फोडला.

"परत आला!" मावशी ओरडल्या. "उपाशी मेला होता, म्हणून परत आला!"

"कोण मेलं?" पेंचो पण ओरडला. "स्तामोकाका मेले ना?"

"मी?" गर्दीतून स्तामोकाका म्हणाले. "मला कुणी काही सांगितलं नाही."

यापुढची दहा मिनिटं सांगण्यात अर्थ नाही, कारण सगळे एकदम बोलत होते. शेवटी कुणीतरी खालून तो कागद काढून आणला आणि मोठ्याने वाचला. बारीक अक्षरांसकट.

"गाढवा!" रांगेलने पेंचोला अशी मिठी मारली की नूडल्सचं भांडं दोघांच्या पोटांमध्ये चेपलं. "अरे गाढवा! जिवंत आहेस!" तो रडत होता, हसत होता, आणि एप्रनला डोळे पुसत होता. पेंचोलाही रडू आलं. आपल्यासाठी इतकी माणसं रडतात, हे कळायला सहसा फार उशीर झालेला असतो.

पाहुणे मात्र आता घरी जायला तयार होईनात! नावाचा दिवस आणि वर मेलेला जिवंत झाला! कोंबडी धुऊन आली. मावशींनी गरम पाव आणला, चीज भरलेली बानित्सा आणली, राकिया तर काय, जिन्यातूनच वाहत आली. बाकावरची फुलंसुद्धा वर आली आणि ज्याची त्याच्या गुच्छात परत गेली.

"घे!" रांगेलने ग्लास पुढे केला. "आज नव्याने जन्मलास. आता कसली साखर?"

"नाही."

"बानित्साचा एक तुकडा? बघ, कडा कशी कुरकुरीत झालीय."

पेंचोने बघितलं. बघायला नको होतं. पण डोळ्यांपुढे त्याने ते बेट आणलं, पहाटेचं पाणी आणलं, आणि मान फिरवली. "मी माझ्या नूडल्स खाणार!"

"कसल्या रे या?" मावशींनी काट्यावर एक टोक गुंडाळलं. गुंडाळतच राहिल्या. "याला शेवट आहे का?"

"चार मीटर वीसला."

"बायको दोन दिवस गेली तर झुकिनीच्या दोऱ्या चघळतोय बिचारा. मग मेला असं वाटणारच!"

पण पाहुण्यांनी ताटं पुढे केली ती केलीच. लसूण, टोमॅटो, वर चुरलेलं पांढरं चीज. रांगेलने दोनदा घेतलं. पेंचोच्या वाट्याला सव्वा मीटर आलं, आणि तेवढ्यावर त्या माणसाने ती संध्याकाळ काढली! पावाचा कण नाही, राकियाचा थेंब नाही. खोटं वाटेल, पण स्तामोकाका साक्षीला आहेत.

आणि तेव्हा त्याचं लक्ष कोपऱ्याकडे गेलं. भिंतीला पाच काठ्या टेकवलेल्या होत्या.

"या... माझ्या आहेत!"

रांगेल आपले बूट बघू लागला.

"होत्या," स्तामोकाका म्हणाले.

"म्हणजे?"

"तुझ्या आत्म्यासाठी वाटल्या," रांगेल हळूच म्हणाला. "झ्लातिनानेच सांगितलं. आम्ही 'देव पेंचोला क्षमा करो' म्हटलं आणि घेतल्या."

"पण मी मेलो नाही!"

"आम्ही मनापासून म्हटलं होतं रे."

"मग परत द्या की मनापासून!"

सगळ्यांनी पटापट क्रॉसची खूण केली. "असं बोलू नकोस! परत घेतलंस तर खरंच मरशील!"

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. झ्लातिना! केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. पेंचोला टेबलाशी बसलेला बघून ती तिथेच थांबली. मग धावत आली, त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला, कपाळ, गाल, टक्कल, दिसेल तिथे मुके घेतले. "पेंचो! माझा पेंचो! मी देवाला सांगितलं होतं, एवढा जिवंत असू दे, परत कध्धी बोलणार नाही त्याला!"

मग तिने त्याचा वास घेतला. "राकिया?"

"एक थेंब नाही! विचार सगळ्यांना!"

सगळ्यांनी माना हलवल्या. झ्लातिना पुन्हा रडली, आता आनंदाने. पेंचोने संधी साधली. "मग यांना सांग ना, काठ्या परत द्या म्हणून."

झ्लातिनाचं रडं थांबलं. तिने काठ्यांकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. "पेंचो, मी माझ्या तोंडाने दिल्यात. तुझ्या आत्म्यासाठी. परत मागू? दीड तास टॅक्सीत मी विधवा होते, माहितीये? मला पुन्हा व्हायचं नाही!"

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी आकडा बघितला, चष्मा काढला, पुसला, परत लावला. आकडा मस्त उतरला होता!

"वा! केलंत तरी काय, कालुदोव?"

"मेलो होतो," पेंचो म्हणाला.

आणि झ्लातिनाने शब्द पाळला. बेटावर जायला आनंदाने परवानगी दिली, स्वतः पिशवी भरून दिली. पिशवीत सहा किलो झुकिनी आणि ते यंत्र.

तर आता बेटावर चित्र असं. पाण्याकाठी पाच जण पाच काठ्या घेऊन बसलेत. मागे तंबूपाशी पेंचो एप्रन बांधून हँडल फिरवतोय. मासा लागला, की ज्याला लागला तो टोपी काढून मोठ्याने म्हणतो, "देव पेंचोला क्षमा करो, काय काठी होती त्याची!" आणि उरलेले चौघे म्हणतात, "क्षमा करो!" मागून पेंचोला काही ना काही बोलावंच लागतं, म्हणून तो म्हणतो, "आभारी आहे."

तिसऱ्या दिवशी रांगेलला त्याची दया आली. "धर जरा. मी पाय मोकळे करून येतो. पण धरायलाच दिलीय हं, लक्षात ठेव."

पेंचोने ती जपानी काठी हातात घेतली. दोन मिनिटंही झाली नसतील, काठी कमान होऊन वाकली! पेंचोने दात आवळले, टाचा चिखलात रोवल्या, अर्धा तास झुंजला आणि शेवटी एक भला मोठा, मिशाळ, त्याच्या कमरेएवढा मासा काठावर ओढून आणला. आयुष्यातला सगळ्यांत मोठा! आणि हा बाजारातला नव्हता, पाच साक्षीदार होते!

पेंचो धापा टाकत, काठी हातातच धरून उभा राहिला. टोपी काढली. आणि तीन दिवस ऐकून ऐकून जिभेवर बसलेलं त्याच्या तोंडून निघून गेलं, "देव पेंचोला क्षमा करो, काय काठी होती त्याची!"